यकृतातील विद्रधी आणि अबोल रोगी

विद्रधी हा शब्द सुश्रुताच्या काळापासूनचा. शरीराच्या आत होणाऱ्या विद्रधींची जी स्थाने त्याने निदानस्थानात सांगितली, त्यांत यकृतही आहे. हिप्पोक्रेटीसचे तर एक सूत्रच आहे की, यकृतातील गळू डागून फोडल्यावर पांढरा, निर्मळ पू निघाला तर रोगी वाचतो. तेलाच्या गाळासारखा निघाला तर दगावतो. पुढील दोन हजार वर्षांत वैद्यकाची येथे फारशी प्रगती झाली, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या देशात यकृताचे गळू म्हटले की आमांश आठवतो, आणि याचे पुष्कळसे श्रेय कलकत्त्याकडे जाते. तेथील मेडिकल कॉलेजातील लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली एमेटीन टोचून अमीबाजन्य विकारावर जय मिळविला. परंतु जंतुजन्य गळवापुढे एमेटीन निरुपयोगी. मुलांत या गळवास बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू कारण होतो. कातडीवरच्या क्षुल्लक फोडातून तो रक्तात शिरतो आणि यकृतात ठाण मांडतो.

१९३८ साली न्यू ऑर्लिन्सच्या ऑक्सनर आणि डीबेकी यांनी पोटाच्या पोकळीत पू सांडू न देता तो बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला. १९५३ मध्ये हाँगकाँगच्या मॅकफॅडझिन यांनी सुई आणि प्रतिजैविके यांवरच एकेका गळवाचे रोगी बरे करून दाखविले. तरीही शल्यवैद्यांचा सुईवर विश्वास बसेना. न दिसणाऱ्या ठिकाणी ती खुपसायची कशी? १९७० नंतर ध्वनिलहरींच्या चित्राने ही अडचण दूर केली. आज चित्र पाहत सुई किंवा नळी घालतात, पुवातील जंतू ओळखतात आणि कित्येक आठवडे औषध चालवितात.

अडते ते त्याच्याही अगोदर. मोठा माणूस उजव्या बरगडीखाली बोट ठेवून दाखवितो. दोन वर्षांचे मूल नुसते तापते, जेवत नाही, किरकिरते. कावीळ बहुधा नसतेच. विषमज्वर समजून आठवडा निघून जातो, आणि यकृताकडे लक्ष जाते तेव्हा गळू लिंबाएवढे झालेले असते.

काही मुलांस असे गळू पुन्हा पुन्हा होते. १९५७ साली मिनेसोटात अशा मुलांच्या एका जीवघेण्या विकाराचे वर्णन झाले. त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळीत, पण मारू शकत नसत, हे १९६६-६७ मध्ये कळले. १९६८ साली साधी परीक्षाही निघाली: निरोगी पेशी एक पिवळा रंग निळा करतात, या मुलांच्या पेशींत तो पिवळाच राहतो.