मुळशी खोऱ्यातील ऋणाची वहिवाट

पुणे शहराच्या पश्चिमेस पौडवरून ताम्हिणीच्या घाटाकडे जाणारा रस्ता ज्या मुळशी तालुक्यातून जातो, त्या तालुक्याची आजची दोन टोके एकाच मामलेदाराच्या हुकमतीखाली असावीत हे बाहेरच्या माणसास सांगूनही पटणार नाही. एका टोकास सह्याद्रीच्या ऐन माथ्याखाली, धरणाच्या पाण्याने वेढलेल्या आणि भाताच्या खाचरांवर जगणाऱ्या वाड्या आहेत. दुसऱ्या टोकास हिंजवडी, माण आणि मारुंजी ही गावे आहेत, जिथे संगणकाच्या उद्योगाने गेल्या पाव शतकात काचेच्या इमारती उभ्या केल्या आणि त्यांच्या आश्रयाने हजारो तरुण कुटुंबे सदनिकांत राहावयास आली. यांना जोडणारे सूत्र शोधावयास गेल्यास ते निसर्गात सापडत नाही, लोकांच्या रीतिभातीतही सापडत नाही. सापडते ते देण्याघेण्याच्या वहीत. लहान मुलांचा संसार चालवीत कर्ज फेडणे ही या खोऱ्यातील फार जुनी वहिवाट आहे, आणि तिचा इतिहास कागदोपत्री पुष्कळसा उपलब्ध असूनही मुळशीचे नाव निघाले म्हणजे आपणांस धरण, पाऊस आणि आंबेमोहोर यांखेरीज दुसरे काही आठवत नाही.

मावळातील शेती पावसावर भरवसा ठेवणारी, आणि पावसानेच अधूनमधून दगा दिलेली. खालच्या खाचरांत भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, आणि भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात पालापाचोळा व शेण जाळून भाजलेला राब. ज्येष्ठात बी-बियाणे हवे, आषाढात लावणीला माणसे हवीत, बैल मेला तर त्याच हंगामात दुसरा हवा. आणि पीक हाती यावयाचे ते कार्तिकात. या मधल्या महिन्यांत घरातील पोरांच्या तोंडी घास कोठून यावयाचा, हा प्रश्न सावकाराच्या ओसरीवर सुटत असे. सवाईने घेतलेले धान्य हंगामानंतर सव्वापट परत करावयाचे, दीडीने घेतलेले दीडपट. ही वाढ वर्षाची नसून चार-पाच महिन्यांची असे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा भार कळतो. तथापि पेशवाईच्या काळापर्यंत या व्यवहारास एक नैसर्गिक मर्यादा होती. सावकारास वसुलीसाठी दिवाणी अदालतीचा धाक सहजासहजी उपलब्ध नव्हता. कूळ गाव सोडून गेले तर मुद्दलही बुडावयाचे. आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही, हा धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम पंचायतीत मानला जाई. अर्थात यावरून तो काळ सुखाचा होता असे ठरत नाही. एवढेच म्हणता येते की, कर्जदार आणि सावकार या दोघांसही एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते.

इंग्रजी अमलात हे पारडे हळूहळू एका बाजूस कलू लागले, आणि ते कोणा एका दुष्टाच्या कारस्थानाने नव्हे, तर एकेक सदिच्छेने केलेल्या कायद्याने. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहात व्याजाची कमाल मर्यादा दरसाल दरशेकडा १२ ठरविलेली होती. १८५५ साली ती उठविण्यात आली, कारण पैशाचा भाव बाजाराने ठरवावा, हा विचार त्या वेळी विलायतेत प्रबळ होता. पाठोपाठ १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, असा त्याचा आशय होता. रयतेवर जुनी, विसरलेली देणी उकरून काढली जाऊ नयेत, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात झाले ते उलटेच. तीन वर्षे पुरी होत आली की सावकार म्हणे, दावा लावतो किंवा रोखा नवा करून दे. निरक्षर कूळ दुसरा पर्याय स्वीकारी, नव्या रोख्याखाली नांगराची निशाणी उठे, आणि त्या रोख्यात मागचे थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. दर तिसऱ्या वर्षी अशी उजळणी झाली म्हणजे बापाने घेतलेले पन्नास रुपये मुलाच्या कारकिर्दीत कोठवर जात असतील, याचा हिशेब कोणासही मांडता येईल. फक्त ज्याला तो फेडावयाचा होता त्याला मांडता येत नसे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारात जमलेल्या रयतेने सावकारांची घरे-दुकाने फोडली, आणि पुढील काही आठवड्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तसेच प्रकार घडले. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. त्यांना हवे होते रोखे आणि डिक्र्या, आणि ते हाती आले की जाळून टाकले जात. दंगे प्रामुख्याने जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखात झाले. मावळपट्टी त्या मानाने शांत राहिली. परंतु त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने जो अहवाल दिला, त्यातील एक निष्कर्ष पूर्वेस जितका लागू तितकाच पश्चिमेस लागू होता, आणि माझ्या मते आजच्या वाचकाने त्या अहवालातून एवढाच एक परिच्छेद वाचला तरी पुरे. रयत लग्नकार्यात उधळपट्टी करते म्हणून कर्जबाजारी होते, ही तेव्हाही सर्व शहाण्यांची आवडती उपपत्ती होती. आयोगाने ती बहुतांशी नाकारली. लग्नाचा खर्च मोठा दिसतो म्हणून डोळ्यांत भरतो, परंतु कर्जाचा मूळ गाभा बहुधा तो नसतो. खाणेपिणे, बियाणे, बैल, सरकारी सारा अशा लहानसहान, नित्याच्या आणि टाळता न येणाऱ्या रकमा खात्यावर चढत जातात आणि त्यांवरील भारी व्याज त्यांस फुगवीत जाते, असे आयोगाने म्हटले. ज्या घरात चार लहान तोंडे आहेत त्या घरास हे आयोगाकडून शिकण्याची गरज नव्हती. ज्यांना ते शिकण्याची गरज होती ते मात्र आजही शिकलेले नाहीत, आणि तरुण जोडप्याच्या कर्जाचा विषय निघाला की परदेशवारी आणि महागडा फोन यांचीच उदाहरणे देत बसतात.

आयोगाच्या अहवालातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा निघाला, आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. व्याजाचा दर कायद्याने बांधून घालण्यापेक्षा न्यायाधीशाने रोख्याच्या पाठीमागे जावे, व्यवहाराचा आरंभापासून इतिहास काढावा, मुद्दल किती आणि व्याज किती ते निराळे मांडावे, व्याजावर व्याज धरू नये, आणि जे निघेल ते हप्त्याहप्त्याने फेडण्याची सवलत द्यावी, हा त्याचा गाभा होता. कर्जासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची पद्धत त्याच्यापुरती बंद झाली. दिलेल्या पैशाची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्क त्यास मिळाला. पुढे याच कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी काम पाहिले. ब्रिटिश सनदी अधिकारी वेडरबर्न आणि रानडे प्रभृतींनी पुरंदर तालुक्यात रयतेस माफक व्याजाने पैसा पुरविणारी शेतकी पेढी काढण्याची योजनाही सुचविली होती. हिंदुस्थान सरकारने ती मानली, परंतु विलायतेतील भारतमंत्र्यांच्या कचेरीने ती मानली नाही. हिशेब तपासणारा कायदा झाला. परंतु ज्या गरजेपोटी माणूस सावकाराच्या दारी जातो ती गरज भागविणारी संस्था मात्र झाली नाही.

सावकारांनीही या कायद्याचा आपल्या परीने अभ्यास केला. गहाणखताच्या पाठीमागे न्यायाधीश जात असेल तर गहाणखतच कशाला? म्हणून खरेदीखत होऊ लागले. पैसे फिटले की जमीन परत देईन, हा करार तोंडी. कागदावर मात्र कायमची विक्री. कूळ आपल्याच जमिनीत खंडाने राबत राहिले, आणि सातबाऱ्याच्या पूर्वावतारावर नाव चढले ते पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या सावकाराचे. १९०७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन असे खरेदीखत वस्तुतः गहाण होते, हे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याची मुभा मिळाली, परंतु तोवर पुष्कळसे पाणी वाहून गेले होते.

मुळशीत ते पाणी पुढे अक्षरशः अडले. टाटा कंपनीने मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी कोकणात भिऱ्यास उतरवावे आणि मुंबईस वीज पुरवावी अशी योजना आखली. पन्नासाहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे तीत सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर बैठक मारून सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे ही नावे त्या लढ्याशी कायमची निगडित आहेत. परांजपे त्यापायी कारावासात गेले, आणि बापटांस सेनापती ही पदवीच मुळशीने दिली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा याच खोऱ्यातली.

या लढ्याचे वर्णन स्वदेशी भांडवलाविरुद्ध शेतकऱ्याचा झगडा असे केले जाते आणि ते खोटे नाही. परंतु त्याच्या अपयशाचे मूळ शोधावयास गेले की पुन्हा कर्जाच्या दप्तराशीच यावे लागते. जमीन ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. खोऱ्यातील जमिनीचा मोठा भाग पुण्यातील सावकार-खातेदारांच्या नावे गेलेला होता. आरंभी त्यांनीही सत्याग्रहास पाठिंबा दिला. परंतु त्यांच्या दृष्टीने ती जमीन म्हणजे एक येणे होते, आणि कंपनीने मोबदल्याचा भाव वाढविताच येणे वसूल करण्याचा याहून निर्वेध मार्ग त्यांस मिळणार नव्हता. राबणाऱ्या मावळ्याच्या दृष्टीने तीच जमीन पुढल्या वर्षीचे भात होती. एकाच खाचराकडे दोघे पाहत होते, आणि दोघांस दोन निराळ्या वस्तू दिसत होत्या. असा लढा फार काळ एकजुटीने चालेल ही अपेक्षाच अवास्तव होती. बापटांनी शेवटी एकाकी, उग्र मार्ग धरला, रुळावर दगड रचून गाडी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले. ज्यांच्या आज्याने बैलासाठी रोखा लिहून दिला होता, त्यांच्या हाती जमीनही राहिली नाही आणि तिचा मोबदलाही पुरता पडला नाही.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने जी चळवळ सुरू झाली तिची जिल्हा मध्यवर्ती बँक पुण्यास १९१७ साली स्थापन झाली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना आणि हिशेबवही सक्तीची केली, आणि थकलेल्या व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रकमेचा हुकूमनामा न्यायालयाने देऊ नये, असे ठरवून जुन्या दामदुपटीस नव्या कायद्यात जागा दिली. १ एप्रिल १९५७ रोजी, कूळकायद्यातील कृषकदिनी, पूर्वेकडील ज्या गावांवर पाणी चढले नव्हते तेथील कुळे मालक झाली. त्यांच्याच नातवांच्या जमिनी शतकाच्या अखेरीस हिंजवडी-माणच्या उद्योगवसाहतीसाठी घेतल्या गेल्या. मोबदल्याच्या पैशाचे पुढे काय झाले याविषयी ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या चित्रपटाने जे दाखविले ते अतिरंजित असेल, निराधार नाही.

आता त्या जमिनीवर उभ्या असलेल्या सदनिकांत जी कुटुंबे राहतात त्यांच्याकडे रोखा नाही, क्रेडिट कार्ड आहे. या देशात ते १९८० च्या सुमारास आले आणि या शतकात घरोघर पोचले. दरमहा दर रुपयास दोन पैसे हा जुन्या सावकारीतला परिचित दर. चौसष्ट पैशांच्या रुपयात तो वर्षास साडेसदतीस टक्के होतो. कार्डावर दरमहा साडेतीन टक्के लागले तर वर्षाचे बेचाळीस होतात, आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर निराळा. १ लाख रुपये थकले असता पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० आणि कर ६३०. किमान देय म्हणून पाच टक्के, म्हणजे ५,००० भरले, तर मुद्दल फिटते ते केवळ ८७०. शिवाय मागील बाकी असेपर्यंत त्याच कार्डावर आणलेले दूध, मुलांची औषधे, पाळणाघराची फी या प्रत्येक नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू. तीन वर्षांनी होणारी रोख्याची उजळणी आता दरमहा होते, आणि निशाणीचीही गरज उरलेली नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी यातील काही काटे काढले आहेत: न भरलेले आकार व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावू नये, किमान रकमेने कर्ज उलट वाढत जाऊ नये, आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड कित्येक महिने-वर्षे लांबेल हे मासिक हिशेबपत्रावर छापले जावे. १८७९ च्या कायद्यातील खात्याच्या उताऱ्याचीच ही वंशावळ. दामदुपट मात्र येथे चालत नाही, कारण सावकारी कायद्याच्या कक्षेतून बँका वगळलेल्या आहेत. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा होय, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. दर ठरविणे हे रिझर्व्ह बँकेचे आणि तिच्या धोरणाखाली बँकांचे काम, असे त्यातून निष्पन्न झाले. १८५५ सालच्या विचाराचे वारस अजून कामावर आहेत, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

मग माण-मारुंजीच्या घरांत फेड होते ती कशी? ज्या घरांत होते तेथे बहुधा अशी: कार्ड कपाटात जाते, थकबाकीचा हप्ता बांधून घेतला जातो, किंवा बँकेचे स्वस्त वैयक्तिक कर्ज अथवा पतसंस्थेत दागिने ठेवून काढलेली रक्कम तिच्यावर टाकली जाते. तोच १ लाख एका वर्षात कार्डाच्याच दराने, करासह, फेडावयाचा तर महिन्यास सुमारे १०,७५० लागतात. वार्षिक पंधरा टक्क्यांच्या कर्जाने फेडला तर सुमारे ९,०२५, आणि वर्षाकाठी वाचतात ते सुमारे २० हजार, म्हणजे कित्येक घरांत पाळणाघराचा तीन-चार महिन्यांचा खर्च. मुद्दल निराळे आणि व्याज निराळे मांडण्याचे जे काम १८७९ साली न्यायाधीशावर सोपविले होते ते आता मुले निजल्यावर नवरा-बायकोस स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच करावे लागते, आणि त्या दोघांतील एकाने दुसऱ्यापासून एखादे कार्ड लपविलेले असेल तर तो हिशेब पहिल्या रात्री पुरा होत नाही.