एका प्रांगणातील अनेक शास्त्रे : डेक्कन कॉलेजची गोष्ट

१/१७
१९३४ साली मुंबई सरकारने पुण्यातील एक नामवंत महाविद्यालय बंद केले. टिळक, आगरकर आणि इतिहासाचार्य राजवाडे तेथे शिकले होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तेथे संस्कृत शिकवले होते. पाच वर्षांनी डेक्कन कॉलेजची दारे पुन्हा उघडली, तेव्हा आत पदवीचे वर्ग नव्हते. दगडी हत्यारे, मानवी कवट्या, संस्कृत शब्द आणि पानिपतची लढाई हे आता तेथील अभ्यासाचे विषय होणार होते.

२/१७
या संस्थेचे मूळ पेशवाईतल्या दक्षिणेत आहे. विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग पेशवाई बुडाल्यावर वेगळा काढण्यात आला आणि एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज.

३/१७
१८६८ मध्ये कॉलेज येरवड्याच्या बाजूस नव्या दगडी इमारतीत गेले. सर जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी देणगी त्यामागे होती. पुढे पुण्यात फर्ग्युसन आणि सर परशुरामभाऊ ही महाविद्यालये उभी राहिली. जागतिक मंदीच्या काळात सरकारी खर्चाला कात्री लागली आणि ११३ वर्षांची ही परंपरा खंडित झाली.

४/१७
माजी विद्यार्थ्यांनी हा निर्णय निमूटपणे मान्य केला नाही. ते न्यायालयात गेले. त्या लढ्याचे फळ म्हणून १७ ऑगस्ट १९३९ रोजी ‘डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था’ सुरू झाली. जे काम शहरातील इतर महाविद्यालये करीत होती, ते सोडून दिलेले होते. जे कोणीच करीत नव्हते, ते हाती घ्यायचे होते.

५/१७
पारशी भाषापंडित इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे पहिले संचालक. त्यांच्यानंतर सुमित्र मंगेश कत्रे आले. भाषाशास्त्र, प्राचीन भारतीय इतिहास, मराठ्यांचा इतिहास आणि समाजशास्त्र असे विषय शेजारी शेजारी नांदू लागले. हसमुख सांकलिया, इरावती कर्वे आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर ही त्या पहिल्या पिढीतील माणसे.

६/१७
सांकलिया लंडनहून पीएच.डी. करून आले होते. मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांनी खोदकामाचे धडे घेतले होते. ताम्रपट, शिलालेख आणि मंदिरे यांच्याही मागे, लेखनपूर्व काळात, त्यांना जायचे होते. त्यासाठी नद्यांचे काठ आणि वाळूच्या टेकड्या पायी तुडवणे भाग होते.

७/१७
१९४० च्या दशकात त्यांच्या मोहिमा गुजरातेत चालू होत्या. मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे बोटाच्या पेराएवढी सूक्ष्म दगडी हत्यारे सापडली आणि त्यांच्याबरोबर हातपाय मुडपून पुरलेले मानवी सांगाडे. हत्यारे कोणत्या धाटणीची, हे पुरातत्त्वज्ञ सांगू शकत होता. ही माणसे कशी होती, हे सांगायला दुसऱ्या शास्त्राची गरज होती.

८/१७
ते शास्त्र त्याच संस्थेत उपलब्ध होते. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला होता. युरोपीय कवटी या बाबतीत वेगळी असते, या वंशवादी गृहीतकाला त्यांच्या मोजमापांनी आधार दिला नाही. लांघणजवर सांकलिया आणि कर्वे या दोघांच्या नावाने लेखन प्रसिद्ध झाले. एक दगड वाचत होता, दुसरी हाडे.

९/१७
कर्वे केवळ हाडांपाशी थांबल्या नाहीत. १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा मोठा ग्रंथ याच संस्थेने प्रकाशित केला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग करून त्यांनी विवाहाचे नियम तपासले. त्यासाठी निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द गोळा केले, प्राचीन ग्रंथही चाळले. समाजशास्त्राचा रस्ता येथे भाषाशास्त्राच्या अंगणातून जात होता.

१०/१७
याचे मर्म मराठी माणसाला पटकन कळेल. सून सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते आणि अनेक घरांत सासूला ‘आत्याबाई’. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जेथे आहे, तेथे नवऱ्या मुलीची सख्खी आत्याच तिची सासू होते. उत्तरेत असा विवाह निषिद्ध मानला जातो. विवाहाचा एक जुना नियम अशा रीतीने रोजच्या संबोधनांत टिकून राहतो.

११/१७
शब्दांवरचे सर्वांत मोठे काम १९४८ मध्ये कत्रे यांनी आरंभिले : ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेला संस्कृत कोश. शब्दाचा अर्थ देऊन असा कोश थांबत नाही. तो शब्द प्रथम कोठे आला आणि शतकानुशतके त्याचा अर्थ कसा बदलला, हे तो पुराव्यासह दाखवतो. ‘अग्नि’ हा वेदांत देव असतो, तर वैद्यकात अन्न पचवणारी शक्ती.

१२/१७
ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १,५०० ग्रंथ अभ्यासकांनी वाचले. प्रत्येक उल्लेखासाठी एक चिठ्ठी लिहिली. १९७३ पर्यंत चाललेल्या या वाचनातून सुमारे १ कोटी चिठ्ठ्या जमल्या. काव्य, व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, धर्मशास्त्र अशा एकमेकांना अनोळखी विद्या खणाखणांतून शेजारी येऊन बसल्या.

१३/१७
सगळेच विषय असे एकमेकांत गुंफले गेले, असे मात्र नाही. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ संस्थेने १९४६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. अठराव्या शतकातील त्या संग्रामाचा लांघणजच्या सांगाड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. तसा तो असण्याची अट कोणी घातली नव्हती. विद्यापीठीय संशोधनात शेजाऱ्याच्या विषयाचा उपयोग व्हावा, पण त्याच्यावरच आपल्या विषयाचे अस्तित्व अवलंबून नसावे.

१४/१७
महाराष्ट्राच्या इतिहासात तेव्हा एक मोठी पोकळी होती. अश्मयुगाची हत्यारे माहीत होती, सातवाहनांची लेणी माहीत होती. मधली हजारो वर्षे अंधारात होती. १९५०-५१ मध्ये प्रवरेच्या परिसरात जोर्वे येथे उत्खनन झाले आणि तांबडी, काळ्या नक्षीची मडकी वापरणारे शेतकरी उजेडात आले. ज्ञानेश्वरीशी नाते सांगणाऱ्या नेवाशातही, १९५४ ते १९५६ च्या उत्खननात, त्याच लोकांच्या खुणा सापडल्या.

१५/१७
या शोधाचा कळस म्हणजे शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठचे इनामगाव. १९६८ ते १९८३ या काळात मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि सांकलिया यांच्या चमूने तेथे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील गाव उघडे केले. चौकोनी घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा कालवा. मेलेली मुले मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरलेली. कित्येक प्रौढांची पावले पुरताना तोडलेली.

१६/१७
येथे एकटा पुरातत्त्वज्ञ अपुरा पडतो. जळक्या दाण्यांवरून पीक ओळखायला वनस्पतिशास्त्र हवे, जनावरांच्या हाडांसाठी प्राणिशास्त्र, माणसांच्या दातांसाठी मानवशास्त्र. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी झाला. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर अधिक विसंबू लागले. दुष्काळाने पिचलेल्या गावाची ही तीन हजार वर्षांपूर्वीची कहाणी अनेक शास्त्रांनी मिळून वाचली.

१७/१७
१९९० मध्ये डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर ३० हून अधिक भाग झाले, तरी ‘अ’ हे पहिलेच अक्षर अजून संपलेले नाही. एका अंदाजपत्रकाच्या वर्षात अशा कामाचे मोल ठरवता येत नाही. १९३४ मध्ये ते तसेच ठरवले गेले होते. तेव्हा माजी विद्यार्थी गप्प बसले असते, तर इनामगावचे ते गाव आणि ती १ कोटी चिठ्ठ्यांची संपदा यांना हे घर मिळाले नसते.