आठ आठवड्यांचे अग्रस्थान

चरित्राचा विचार करताना आपण नकळत एक आलेख गृहीत धरतो: उदय, शिखर आणि उतार. खेळाडूंच्या चरित्रांना तर हा साचा फारच घट्ट बसलेला असतो. तिथे उतार बहुधा तिशीच्या आसपासच सुरू होतो आणि उरलेल्या आयुष्याचे काय करायचे हे चरित्रकाराला उमगत नाही. मग निवृत्तीनंतरच्या दिवसांवर एक आटोपशीर प्रकरण येते आणि पुस्तक मिटते. स्पेनचा टेनिसपटू हुआन कार्लोस फेरेरो याची कारकीर्द या साच्यात बसवू गेल्यास तिचा गाभाच हातून निसटतो, असे आम्हांस वाटते.

फेरेरोचा जन्म १२ फेब्रुवारी १९८० रोजी वलेन्सिया प्रांतातील ओंतिन्येंत या गावी झाला. किशोरवयात तो आलिकांते प्रांतातील विल्येना येथे आंतोनियो मार्तिनेस कास्कालेस यांच्या अकादमीत शिकू लागला. तो सोळा वर्षांचा असताना त्याच्या आईचे कर्करोगाने निधन झाले. सडपातळ बांध्यामुळे आणि चपळ पायांमुळे त्याला ‘मॉस्किटो’, म्हणजे डास, असे टोपणनाव पडले.

डिसेंबर २००० मध्ये बार्सिलोना येथे डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत स्पेनची गाठ ऑस्ट्रेलियाशी पडली. वीस वर्षांच्या फेरेरोने लेटन ह्युइटला चार सेटमध्ये हरवून निर्णायक गुण मिळवला आणि स्पेनने हा चषक प्रथमच जिंकला. त्या लढतीत स्पेनचा ध्वज धरून उभा राहिलेला चौदा वर्षांचा मुलगा होता राफाएल नदाल. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या वाचकाला हा तपशील एखाद्या कादंबरीकाराने योजल्यासारखा वाटेल; पण इतिहासही क्वचित अशी मांडणी करतो.

२००२ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात फेरेरोने आल्बर्ट कोस्ताविरुद्ध पहिले दोन सेट १-६, ०-६ असे गमावले आणि अखेर सामनाही. पुढच्याच वर्षी त्याच लाल मातीवर त्याने मार्टिन व्हेरकेर्कला ६-१, ६-३, ६-२ असे नमवून विजेतेपद मिळवले. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकन ओपनचा अंतिम सामना तो अँडी रॉडिककडून हरला, परंतु जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचला. ते स्थान त्याच्याकडे आठ आठवडे राहिले.

मग २००४ साल उजाडले. कांजिण्या झाल्या, त्यापाठोपाठ मनगट आणि बरगडी दुखावली. गतविजेता फेरेरो फ्रेंच ओपनच्या दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. त्याच वर्षी सेव्हिया येथे झालेल्या डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत पहिल्या दिवशीच्या एकेरीसाठी त्याच्याऐवजी अठरा वर्षांच्या नदालची निवड झाली. चार वर्षांपूर्वी ध्वज धरणारा मुलगा रॉडिकला हरवत होता आणि फेरेरोच्या वाट्याला दुहेरीतला पराभव आला. स्पेन जिंकला, संघातील खेळाडू म्हणून विजय त्याचाही होता.

रूढ चरित्र इथेच उताराला लागले असते. पण फेरेरो आणखी आठ वर्षे खेळत राहिला. २००९ मध्ये क्रमवारीत पहिल्या शंभरांच्या बाहेर फेकला गेला असताना त्याने कासाब्लांकाची स्पर्धा जिंकली. २००३ नंतरचे हे त्याचे पहिले विजेतेपद. त्याच वर्षी विम्बल्डनला विशेष प्रवेशिकेवर खेळून त्याने उपान्त्यपूर्व फेरी गाठली. ऑक्टोबर २०१२ मध्ये वलेन्सियात तो निवृत्त झाला. ही मधली वर्षे चरित्रकार सहसा चार ओळींत उरकतात. आमच्या मते प्रशिक्षक फेरेरो याच वर्षांत घडला. शिखरावर केवळ आठ आठवडे काढलेल्या माणसाला तिथवरची वाट ठाऊक होती. आणि ते स्थान गेल्यावरही सकाळी मैदानावर का उतरायचे, या प्रश्नाशी त्याची पुरती ओळख झाली होती.

२०१७ मध्ये तो अलेक्झांडर झ्वेरेव्हचा प्रशिक्षक झाला. हे नाते काही महिन्यांतच तुटले. २०१८ मध्ये त्याने मुर्सियाजवळच्या एल पाल्मारच्या पंधरा वर्षांच्या कार्लोस अल्काराझला हाती घेतले. विल्येनाची अकादमी आता फेरेरोच्या नावाने चालत होती. जिथे तो शिकला तिथेच तो शिकवू लागला. २०२२ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत तो शिष्याच्या अंतिम सामन्यासाठी मायामीला पोहोचला. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून एकोणिसाव्या वर्षी अल्काराझ क्रमवारीत पहिला आला. १९ वर्षांपूर्वी याच स्पर्धेचा अंतिम सामना फेरेरो हरला होता. विम्बल्डनमध्ये गुरूला उपान्त्यपूर्व फेरीपलीकडे कधी जाता आले नव्हते; शिष्याने ती स्पर्धा २०२३ आणि २०२४ अशी दोनदा जिंकली. २०२४ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात तर समोर झ्वेरेव्ह होता: जुना शिष्य हरला, नवा जिंकला. २०२५ अखेर अल्काराझच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे होती, आणि ती सर्व फेरेरोच्या मार्गदर्शनाखाली मिळालेली.

डिसेंबर २०२५ मध्ये ही सोबत संपली. शिष्य तेव्हा अग्रस्थानी होता. आपल्याला हे काम पुढे चालू ठेवायला आवडले असते, असे फेरेरोने जाहीरपणे म्हटले. गुरुशिष्य-नात्याविषयी आपल्याकडे बरेच भाविकपणे लिहिले जाते. व्यावसायिक खेळातले नाते मात्र करारावर उभे असते आणि करारासारखेच संपते. तरीही सात वर्षांत जे शिकवले गेले ते करारासोबत परत घेता येत नाही. अध्यापन करणाऱ्या वाचकांना हे निराळे सांगायला नको: आपले काम दुसऱ्याच्या नावावर जमा होते आणि पुढच्या जून महिन्यात वर्गात नवी मुले बसलेली असतात. फेरेरोचे चरित्र लिहिणाऱ्याने आठ आठवड्यांना किती पाने द्यावीत आणि या सात वर्षांना किती, हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.