झोपेतली शिवी

आमचे आबा झोपेत शिव्या देत. जागेपणी त्यांच्या तोंडून शिवी कुणी ऐकली नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांच्याकडे तराळकी होती. सांगावा पोचवणे, साऱ्यासाठी माणसे बोलावणे, मेलेले ढोर ओढणे, सगळे हात जोडून करायचे. रात्री मात्र घोंगडीखालून जी भाषा बाहेर पडे ती ऐकून आय आम्हा पोरांचे कान झाकी. सकाळी आबा विचारत, "राती काय बरळलो का मी?" आय म्हणे, "न्हाई वो."

एकदा आय याचा अर्थ विचारायला गावच्या जोश्याकडे गेली. ओट्यापासून लांब उभी राहिली. त्याने चोपडी उघडली, बाहेरची बाधा आहे म्हणाला, शांत करायला सांगितले आणि पायलीभर जोंधळे घेतले. शिव्या थांबल्या नाहीत. जोंधळ्याला विटाळ नव्हता, हे आय पुढे हसत हसत सांगे.

स्वप्नाचा अर्थ विकणे हा या देशातला फार जुना धंदा आहे. कोसलचा राजा पसेनदी याला एका रात्री सोळा स्वप्ने पडली, अशी जातककथा आहे. ब्राह्मणांनी संकट येणार म्हणून सांगितले आणि मोठ्या यज्ञाची तयारी मांडली. त्यांच्यातल्याच एका विद्यार्थ्याने गुरूला विचारले की, जीव मारून कुणाचे भले कसे होईल? गुरूने सांगितले की, यात आपल्याला पैसा मिळणार आहे हे तुला कळत नाही. शेवटी मल्लिकाराणीच्या सांगण्यावरून राजा बुद्धाकडे गेला, आणि बांधलेली जनावरे सुटली. भिक्षूने ज्या हीन विद्यांवर पोट भरू नये त्यांची यादी ब्रह्मजाल सुत्तात आहे. तीत स्वप्नफल सांगणेही आहे.

या धंद्याचे तोंड नेहमी उद्याकडे असते. स्वप्नात रडलात तर आनंद होणार, मेलेला दिसला तर त्याचे आयुष्य वाढणार. वैदिक ऋषी तर आपले वाईट स्वप्न मंत्राने शत्रूच्या अंगावर ढकलून देत. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आणि अथर्ववेदात तशी सूक्ते आहेत. माझा मुद्दा असा की आबांची शिवी उद्याची नव्हतीच, ती कालची होती. हे म्हणायला मला परके शास्त्र लागत नाही. चरकाने स्वप्नाचे सात प्रकार केले. त्यांतले पहिले तीन पाहिलेले, ऐकलेले आणि अनुभवलेले. ही स्वप्ने निष्फळ, म्हणजे त्यांतून पुढचे काही कळत नाही, असे तो वैद्यांना बजावतो. १९०० सालचा शिक्का असलेल्या आपल्या ग्रंथात फ्रॉइडने आणखी एक गोष्ट सांगितली: स्वप्नातली वाक्ये स्वप्न स्वतः घडवत नाही, जागेपणी ऐकलेल्या-बोललेल्या वाक्यांचे तुकडे ते उचलते.

मग आबांनी हे तुकडे कुठून उचलले? तरुणपणी मला उत्तर सोपे वाटले होते. १९७२ साली पँथर उभी राहिली, आणि आम्ही सगळेच कवितेत शिव्या पेरू लागलो. मीही एक कविता लिहिली. दिवसा जोहार घालणारा बाप रात्री पाटलाला शिव्या घालतो, झोप हीच त्याची मुक्त भूमी, असे काहीसे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय मी पाठ केला होता. ब्राह्मणाला अपशब्द बोलणाऱ्या क्षत्रियाला १०० पण दंड, वैश्याला १५० किंवा २००, शूद्राला देहदंड. ब्राह्मण शूद्राला बोलला तर १२ पण. द्विजाला घोर शिवी देणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी, नाव-जात काढून अपमान केला तर दहा अंगुळे लांबीची तापलेली लोखंडी खीळ तोंडात घालावी. जिथे जागेपणीची जीभ अशी दंडात गहाण, तिथे शिवी झोपेतच सुटणार, असा माझा सिद्धांत. महाडला १९२७ साली जे जळाले त्याची राख आबांच्या झोपेपर्यंत पोचली, असेही मी एका भाषणात ठोकून दिले. टाळ्या पडल्या.

ती कविता मी आयला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, ती त्येंची शिवी नव्हती. पाटलाची व्हती. 'म्हारड्या' म्हनूनच सुरू व्हायची. आपुन आपल्याला म्हारड्या म्हनंल का कोन?"

मी कविता फाडली. बंड म्हणून ज्याचा झेंडा केला ती जखम होती. आबा स्वप्नात पाटील होऊन ओट्यावर बसत होते की दिवसा पडलेला शब्द नुसता परत वाजत होता, हे मला आजही ठरवता येत नाही. पण शिवी त्यांच्या आत घर करून होती आणि तिचा मालक दुसरा होता, एवढे खरे.

जातीवरून शिवी म्हणजे काय हे विनयपिटकाने फार आधी ओळखले. भिक्षूने भिक्षूला चांडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस म्हणून हिणवले, त्याचे काम किंवा गोत्र काढून टोचले, तर तो पाचित्तिय दोष ठरतो. त्याच नियमाशी नंदिविसाल बैलाची गोष्ट येते: मालकाने चारचौघांत हलक्या शब्दाने हाक मारली म्हणून त्याने शंभर गाड्या ओढायला नकार दिला. बैलालाही तेवढा मान असतो! आपल्या कायद्याला इथवर यायला १९८९ साल उजाडले. तिथेही अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना झालेली शिवी या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. घोंगडीखालची तर कुठेच बसणार नाही.

१९५६ नंतर आबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. शाप आणि शपथ हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेत. शपथ त्यांनी जागेपणी घेतली. शाप मात्र झोपेत तसाच राहिला. वतन गेले, गाव सुटले, आम्ही पुण्याला आलो, तरी वर्षानुवर्षे तीच शिवी. १९८३ साली ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी एका रात्री ते झोपेत बोलले तेव्हा मी जागा होतो. शिवी नव्हती. "न्हाई येत, जा, सांग त्येला," एवढेच.

सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "राती काय बरळलो का मी?" आय चुलीपाशी होती. या वेळी तिने जसेच्या तसे सांगितले.