दगडू ऊर्फ दत्ताराम

चौकच्या नाक्यावर माझे झेरॉक्सचे दुकान आहे. झेरॉक्स हे निमित्त. खरे काम अर्ज लिहून देण्याचे. जुन्या काळी अशा माणसाला अर्जनवीस म्हणत. आता कोणी काही म्हणत नाही, फक्त कागदांची पिशवी पुढे करतात. शिधापत्रिकेत नाव चढवणे, जातीचा दाखला, वारस नोंद, निराधार योजनेचा अर्ज. इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावरच्या ठाकरवाड्यांतून, कातकरी वाड्यांतून, आगरी-कुणबी गावांतून माणसे खालापूरच्या कचेरीत जाण्याआधी माझ्याकडे थांबतात.

या कामात रोज दिसणारी गोष्ट म्हणजे एकाच माणसाची चार कागदांवरची चार नावे. सातबाऱ्यावर बुध्या, शिधापत्रिकेवर बुधा, मतदार यादीत बुधाजी आणि आधार कार्डावर बुद्धाराम. हे चौघे एकच आहेत, हे मग त्या बिचाऱ्याने प्रतिज्ञापत्र करून सिद्ध करायचे. अशी नावे मी एका वहीत उतरवू लागलो. पुढे वह्या वाढल्या, वाचनालयातली पुस्तके धुंडाळणे वाढले. मला इतिहासाची पदवी नाही. जे काही शिकलो ते या वह्यांच्या नादाने.

वहीतले पहिले नाव मात्र गिऱ्हाइकाचे नाही. ते माझ्या वडिलांचे आहे.

1986 साली दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यात मी 'दत्ताराम' असे लिहिले. वडिलांचे नाव दगडू. हजेरीच्या वेळी माझे नाव पूर्ण घेतले की मागच्या बाकावरून 'दगड' असा आवाज यायचा, आणि इतरांच्या वडिलांची नावे प्रभाकर, सुरेश, वसंत अशी होती. आद्याक्षर तेच राहील, सहीत फरक पडणार नाही, असा पोरवयातला हिशेब करून मी दत्ताराम निवडला. वडिलांनी फॉर्म हातात घेतला, सावकाश वाचला आणि विचारले, "हा दत्ताराम कोन?" मी म्हटले, "तुम्हीच." ते काही बोलले नाहीत. खाली सही करून फॉर्म परत दिला.

2009 मध्ये ते गेले. वारस नोंदीच्या वेळी सातबाऱ्यावर दगडू आणि माझ्या सगळ्या कागदांवर दत्ताराम. अडवणूक कोणी केली नाही. नियमाप्रमाणे प्रतिज्ञापत्र मागितले, एवढेच. 'दगडू व दत्ताराम ही एकाच व्यक्तीची नावे असून' हे वाक्य मी लोकांसाठी शेकडो वेळा लिहिले होते. त्या दिवशी ते लिहायला अर्धा तास लागला.

त्याच सुमारास आत्याने मला त्या नावामागची हकीकत सांगितली. वडिलांच्या आधीची दोन मुले सहा-सहा महिन्यांची होऊन गेली होती. तिसरा झाला तेव्हा आजीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवले. ठरल्याप्रमाणे शेजारणीने उचलले आणि आजीने पायलीभर भात देऊन तिच्याकडून 'विकत' घेतले. म्हणजे हा आमचा नव्हेच. टाकलेला, विकत आणलेला. नाव ठेवले दगडू. "यम आला तरी दगड उचलून काय करनार?" असे आजी म्हणायची म्हणे. शब्दकोशात दगडू या नावाचा अर्थ पाहिला तर दगड इतकाच मिळेल. आजीच्या लेखी त्याचा अर्थ 'जग' असा होता.

हे एकदा कळले की जुन्या नोंदवहीतली ओंगळ वाटणारी नावे निराळी दिसू लागतात. धोंडू, केरू, उकिर्डा, भिकू, नथू. भिकू म्हणजे देवाकडे किंवा दारोदार भीक मागून मिळवलेला. नथू म्हणजे मुलीसारखे नाक टोचून दृष्ट चुकवलेला. पिराजी आणि फकिरा ही नावे हिंदू घरांतही विपुल आहेत. पिराला नवस बोलला आणि मूल जगले, तर नाव पिराचे. अलीकडे अशा नावांना अडाणीपणाची खूण समजतात, पण ती कोणा एका जातीची नव्हती. रायगड जिल्ह्यातल्याच नागावचे, 1825 साली जन्मलेले गणिती आणि ज्योतिर्विद केरो लक्ष्मण छत्रे घ्या. त्यांचे मूळ नाव विनायक, पण लोकमान्य टिळकांचे हे गुरू इतिहासाला केरूनाना म्हणूनच माहीत आहेत. स्त्रीशिक्षणाचे महर्षी कर्वे हे धोंडो. 1857 मधले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत.

आणि हे आपल्याकडचेच खूळ नव्हे. चीनच्या खेड्यांत मुलाला 'कुत्र्याने उष्टे टाकलेला' अशा अर्थाचे नाव ठेवत. नायजेरियातल्या योरुबा लोकांत मुले वारंवार दगावली की पुढच्या मुलाला 'मालोमो' म्हणतात, म्हणजे 'आता पुन्हा जाऊ नकोस'. तुर्कस्तानात 'दुरसुन' हे सर्रास नाव आहे. त्याचा अर्थ 'हा राहो'. ज्यूंमध्ये जिवावरचे दुखणे आले की आजाऱ्याच्या नावाला 'हाईम' म्हणजे 'जीवन' हा शब्द जोडायची चाल आहे. मृत्यूला फसवायची युक्ती जगभर एकच: नावाची पाटी बदला, तो दार चुकेल.

इथे एक फरक मात्र करायलाच हवा. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरमध्ये 285 मुलींची नावे एका कार्यक्रमात बदलण्यात आली. त्या सगळ्यांची नावे 'नकुशी' किंवा तशाच अर्थाची होती. काही जण नकुशीला दगडूच्या रांगेत बसवतात. मला ते पटत नाही. दगडू या नावात मूल जाईल ही भीती आहे. नकुशी या नावात मूल आले ही तक्रार आहे. ती नावे बदलली हे योग्यच झाले.

मग दगडूची लाज मला का वाटली? हा प्रश्न मला बरीच वर्षे पुरला. 'दगड' या अर्थाची लाज म्हणावी, तर धोंडो केशव कर्वे हे नाव त्याच शाळेच्या पुस्तकात होते आणि त्याला कोणी हसत नव्हते. उत्तर वह्यांमध्येच होते. नाव एकच असते, पण ते कोणाचे आहे यावर त्याला लागणारे शेपूट ठरते. ब्राह्मणाचा धोंडोपंत होतो, पाटलाचा धोंडजी किंवा धोंडिबा होतो आणि कातकऱ्याचा धोंड्या होतो. अपमान अर्थात नाही, त्या शेपटात आहे.

याला शास्त्राचा आधारही होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवण्याचा नियम आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत हा ग्रंथ जाळला गेला. त्या होळीची अनेक कारणे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत. अर्ज लिहिणारा म्हणून मला त्यात हा नावांचा श्लोकही जळताना दिसतो. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. पराक्रमाच्या शिळेवरही प्रत्ययाने जात सांगून ठेवली आहे. 1956 नंतर त्यांच्या पुढच्या पिढ्यांत गौतम, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता ही नावे आली. ती ऐकून जात ओळखू येत नाही, असे काही काळ वाटले. मग तीही ओळखू येऊ लागली. त्यात नावांचा दोष नाही.

शेपूट जसे हिणवते तसे परक्याला घरचेही करते. कोकणच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी बायबलमधली नावे सोडली नाहीत, पण त्यांना मराठी 'जी' लावला. मुंबईत 1796 मध्ये पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर गावच्या भाषेत सामाजी हसाजी दिवेकर होते. दिवे गावचे म्हणून दिवेकर. शेजारी बसलेल्या कोळ्याला हे नाव परके वाटले असेल असे वाटत नाही. शहाजी हे नावही तसेच. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने झाले म्हणून मालोजींनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरेने चालत आलेली हकीकत. शाह हा शब्द फारसी, जी आपला. हैबतराव, दौलतराव, फत्तेसिंग यांतले हैबत, दौलत, फत्ते हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आले आणि बाराबंदी घालून मराठी झाले.

चौकच्या माणसाला नावांवर लिहिताना नेतोजी पालकरांना ओलांडून जाता येत नाही. त्यांना आम्ही आमच्या गावचे मानतो. मोगलांच्या कैदेत 1667 मध्ये त्यांचे धर्मांतर झाले आणि नाव ठेवले गेले मुहम्मद कुली खान. कुली हा तुर्की शब्द, अर्थ दास किंवा सेवक. म्हणजे मुहम्मदाचा सेवक. घडण आपल्या शिवदास, रामदास या नावांसारखीच. या नावाने ते काबूलकडे चाकरीला गेले आणि 1676 मध्ये परत येऊन पुन्हा नेतोजी झाले. मधल्या नऊ वर्षांत त्यांना कोणी नेतोजी म्हणून हाक मारली असेल का, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेतला नाही. पण किल्ल्याच्या वाटेवर चालताना मनात येतो.

आता परत बुध्याकडे. ठाकर आणि कातकरी वाड्यांत वारावरून नावे ठेवायची रीत जुनी आहे. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. बायकांची सोमी, मंगळी, बुधी. पूर्वी शाळेत घालताना जन्मतारीख विचारली की मास्तरांना अंदाजे साल आणि पक्का वार मिळायचा. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांत हीच रीत आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान आणि आमच्या वाडीतला शुक्र्या यांच्या नावांचा अर्थ अगदी एक: शुक्रवारी जन्मलेला. रॉबिन्सन क्रूसोनेही बेटावर सापडलेल्या माणसाचे नाव 'फ्रायडे' ठेवले. पण तो वार त्याच्या जन्माचा नव्हता, मालकाला सापडल्याचा होता.

उरण तालुक्यात चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथली नावे मी एकदा उभे राहून उतरवून घेतली. नाग्या महादू कातकरी. धाकू गवत्या फोफेरकर. धाकू म्हणजे धाकटा, आणि बापाच्या नावात गवत. नवश्या, म्हणजे नवसाने झालेला. हसुरामच्या बापाचे नाव बुधाजी, म्हणजे बुधवार. माझ्या दुकानात रोज ज्या नावांसाठी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात तीच ही नावे. पण नाग्याचे नागनाथ करावे किंवा नवश्याचे नवनाथ करावे, असे तिथे कोणाच्या मनातही येत नाही. तोच 'या' प्रत्यय कचेरीच्या रजिस्टरात माणसाला खाली बसवतो आणि त्या दगडावर ताठ उभा करतो.

गेल्या वर्षी एक म्हातारी पणतूच्या कामासाठी आली होती. मी तिचे आधार कार्ड पाहून म्हटले, "बुद्धाबाई ना, आजी?" ती म्हणाली, "नाव बुधीच हाय, दादा. बुद्धाबाई मास्तरानं लिवलं." पणतूचे नाव नव्या पद्धतीचे, मोबाइलवर शोधून ठेवलेले, नातसुनेने अर्थ सांगितला, सूर्याचा अंश. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांत बापाच्या नावाआधी आईचे नाव लिहायचे असते, ते लिहिले. म्हातारी हे सगळे ऐकत होती. मग तिने विचारले, "पन झाला कंच्या वारी?" शुक्रवारी, असे कळल्यावर तिने पोराला मांडीवर घेतले आणि "शुक्र्या" अशी हाक मारली.

वारस नोंदीचा फेरफार मंजूर झाला त्यात वडिलांचे नाव 'मयत दगडू ऊर्फ दत्ताराम' असे लागले. माझे नाव चढवताना बापाचे नाव काय लिहायचे, असे विचारले तेव्हा मी दगडू सांगितले. त्यामुळे सातबाऱ्यावर मी दगडूचा मुलगा आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दत्तारामचा. माझ्या मुलाला परवा एका दाखल्यासाठी हे दोन्ही कागद लागले. त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्र मीच लिहिले.