चिठ्ठी घेऊन जायचे कोठे?

भिलाईच्या एका वस्तीतील आरोग्य केंद्राला दिलेली भेट मला अजून आठवते. डोकेदुखीची तक्रार घेऊन एक बाई तिसऱ्यांदा आली होती. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पुन्हा त्याच गोळ्या लिहून दिल्या. तिच्यासोबत आलेली वस्तीतली मितानिन मात्र मला म्हणाली, "साहेब, हिच्या नवऱ्याचं काम दोन महिने बंद आहे. रेशनकार्डाचा अर्ज अडकला आहे. रात्री झोप नाही, सकाळी पोटात अन्न नाही. डोकं दुखणार नाही तर काय होणार?" चौकशी केली तेव्हा कळले की तो अर्ज माझ्याच अखत्यारीतील एका कार्यालयात पडून होता.

आजाराचे मूळ परिस्थितीत असेल तर रुग्णाला औषधाबरोबरच माणसांकडे, कामाकडे, हक्काच्या मदतीकडे पाठवावे, या विचाराला इंग्लंडमध्ये 'सोशल प्रिस्क्रायबिंग' असे नाव मिळाले. जानेवारी २०१९ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या दीर्घकालीन आराखड्यात त्याला स्थान दिले आणि त्यासाठी 'लिंक वर्कर' नेमण्याचे ठरवले. एकाकी वृद्धाला बागकामाच्या मंडळाकडे, कर्जात बुडालेल्याला सल्ला केंद्राकडे नेणारा हा दुवा. कल्पना उत्तम आहे. परंतु भिलाई परिसराचा इतिहास जाणणाऱ्याला ती सर्वस्वी नवी वाटणार नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना भिलाई ठाऊक आहे ती पोलाद कारखान्यामुळे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले. पुढे कारखान्याच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कायम कामगारांसाठी घरे, शाळा, रुग्णालय उभे राहिले. मात्र या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या, ऐंशी-नव्वद किलोमीटरवरील दल्ली राजहराच्या खाणींत हाताने खनिज फोडणारे हजारो मजूर ठेकेदारांचे होते. त्यांच्या वाट्याला ही व्यवस्था आली नाही.

१९७७ साली या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी २ व ३ जूनच्या पोलीस गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी मजुरांनी आपल्या वर्गणीतून व श्रमदानातून शहीद रुग्णालय सुरू केले. विनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे आले. खाणीत राबणारे कामगारच शिकून आरोग्य कार्यकर्ते झाले.

मला या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट रुग्णालयाच्या भिंतींबाहेर दिसते. मजुरी वाढली तसे वाढीव पैसे दारूच्या दुकानांकडे वळू लागले. संघटनेने दारूबंदीची चळवळ हाती घेतली आणि स्त्रिया तीत आघाडीवर राहिल्या. डॉक्टर 'दारू सोडा' एवढेच सांगू शकतो. ते पाळता यावे असे वातावरण वस्तीलाच निर्माण करावे लागते. दल्ली राजहराला डॉक्टरच्या सल्ल्यामागे संघटित वस्ती उभी होती, हेच त्या सल्ल्याचे बळ. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईत हत्या झाली. त्यानंतरही रुग्णालय चालू राहिले.

शासनाचे प्रयत्नही याच काळातले. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना आणली. मानधन दरमहा ५० रुपये. निवड बहुतांशी पुरुषांची झाली, तीही अनेकदा गावातील वजनदारांच्या मर्जीने. योजना हळूहळू थकत गेली. आपल्या जामखेडला मात्र रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले ते लोकांच्या अन्नपाण्याच्या गरजेपासून. पुढे गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर व वंचित जातींतील स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. कोणावर विश्वास टाकला, यावर दोन्हींचे भवितव्य ठरले असे मला वाटते.

नव्या छत्तीसगढ राज्याने २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम हाती घेतला तेव्हा हा धडा लक्षात ठेवला. प्रत्येक पाड्याने आपल्यातली एक स्त्री निवडायची; अक्षरज्ञानाची अट आड येऊ द्यायची नाही. नावही मोठे अर्थपूर्ण निवडले. छत्तीसगढात दोन स्त्रिया विधिपूर्वक मैत्री जोडतात, त्या एकमेकींच्या मितानिन. हे नाते जन्मभर पाळले जाते आणि जातीची भिंतही ओलांडते. २००५ मध्ये देशभर 'आशा' योजना आली, ती आखताना हा अनुभव उपयोगी पडला. २०१२ पासून शहरांतील वस्त्यांतही मितानिन काम करू लागल्या. म्हणूनच त्या दिवशी माझ्यासमोर एक उभी होती.

आता प्रशासकाच्या नजरेतून एक धोका सांगतो. आपल्याला मोजता येते तेच काम वाटते. प्रसूती, लसीकरण, नवजात बाळाच्या घरी दिलेली भेट यांना प्रोत्साहन राशी ठरलेली असते. शेजारणीच्या अडलेल्या अर्जासाठी चार वेळा तहसीलला जाण्याचा हिशेब कोणत्या तक्त्यात भरायचा? तक्ते वाढत गेले की वस्तीची मैत्रीण हळूहळू आमची कारकून होते आणि ज्या नात्यासाठी तिला निवडले तेच विरून जाते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मितानिन दुवा होऊ शकते. परंतु दुव्याचे दुसरे टोक कोठेतरी घट्ट बांधलेले असावे लागते. ते टोक म्हणजे रेशनचे दुकान, रोजगाराचे काम, नळाचे पाणी आणि आमची टेबले. दल्ली राजहराच्या मजुरांनी ते टोक स्वतः बांधले. शासन दुवा नेमते तेव्हा दुसरे टोक बांधण्याची जबाबदारीही शासनाचीच असते.

त्या बाईचा अर्ज मी मागवून घेतला. त्यात एका सहीखेरीज काहीही कमी नव्हते. ती सही आमच्याकडची होती.