खोट्या सहीचे पत्र

दुसऱ्याच्या नावाने मजकूर लिहायचा आणि त्याला गोत्यात आणायचे, हा उद्योग इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे.

१८ एप्रिल १८८७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने एक पत्र छापले. खाली सही होती आयर्लंडच्या स्वराज्याचे पुढारी पार्नेल यांची. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये १८८२ साली दोन बड्या अधिकाऱ्यांचा खून झाला होता. त्यातल्या एकाला योग्य तेच फळ मिळाले, असा पत्राचा सूर होता. पार्नेल यांनी संसदेत सांगितले, पत्र बनावट आहे. पण छापील शब्दापुढे त्यांचे कोण ऐकणार?

पुढे चौकशी आयोग बसला. फेब्रुवारी १८८९ मध्ये पत्रे पुरवणारा रिचर्ड पिगॉट साक्षीला आला. पार्नेल यांचे वकील रसेल यांनी त्याला काही शब्द लिहायला सांगितले. त्यात ‘हेझिटन्सी’ हा शब्द होता. एका पत्रात त्याचे स्पेलिंग चुकलेले होते. पिगॉटने नेमकी तीच चूक केली! तो माद्रिदला पळाला आणि तिथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ‘टाइम्स’ला ५,००० पौंड भरपाई द्यावी लागली.

आजच्या पिगॉटला अक्षर गिरवावे लागत नाही. दुसऱ्याचे नाव आणि फोटो पुरतो. लबाडीने दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला आपल्याकडे ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा मागाहून येतो, बदनामी आधी पोहोचते. पत्र आले कुठून, याची ‘टाइम्स’ने नीट चौकशी केली नव्हती. मजकूर पुढे धाडण्याआधी आपण ती करू या.